मेनान्द्रोस ते मिलिंद

मिलिंद म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेक जण 'भुंगा' म्हणून सांगतात. संस्कृत कोशांत तो अर्थ आहेही. पण त्याच्या कितीतरी आधी हे माणसाचं नाव होतं आणि ते ग्रीक होतं, मेनान्द्रोस. त्यातलं 'आन्द्रोस' म्हणजे पुरुष, आपल्या 'नर' शब्दाचा भाऊबंद. अलेक्सान्द्रोसमध्येही तोच आहे. आधीचा भाग सहसा 'टिकून राहणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडतात. म्हणजे पाय रोवून उभा राहणारा पुरुष. अथेन्सचा प्रसिद्ध विनोदी नाटककारही याच नावाचा.

इ.स.पू. दुसऱ्या शतकात हे नाव घेऊन एक यवन राजा पंजाबवर राज्य करत होता. पाली ग्रंथात त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आहेत, तर दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. नाव अजून शाबूत आहे, फक्त शेवटचा ग्रीक प्रत्यय गळला. बाजौरला सापडलेल्या अस्थिपात्रावर ते 'मिनद्र' होतं आणि पालीत पोचेपर्यंत मिलिंद.

'न'चा 'ल' झाला याचं मराठी माणसाला नवल वाटू नये. आपण निंबाचं लिंब केलं, नवनीताचं लोणी केलं. परकं नाव इतक्या सहज जिभेवर रुळलं, ते लोकांनी ते मनापासून घेतलं म्हणूनच, असं मला वाटतं.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो. 'मी' म्हणजे नेमकं कोण, इथपर्यंत तो जातो. मला या नावाच्या प्रवासातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. तलवारीच्या जोरावर आलेल्या राजाचं नाव इथे टिकलं ते जिज्ञासेमुळे. पुढे कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर धेनुकाकटच्या मिलिंद नावाच्या वैद्याचं दान कोरलेलं दिसतं. तोवर हे नाव सह्याद्रीतल्या गृहस्थाचं झालं होतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. त्याला पुढे मिलिंदाचं नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही तिथे शेजारी आले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी त्यानंतर मुलाचं नाव मिलिंद ठेवलं, ते भुंग्यावरून नव्हे.