भीमेचा उतार

मैंदर्गीहून काळ्या रानातून दक्षिणेला हिळ्ळीकडे गेलं की भीमा दिसते. काठ उंच आणि मातीचे, पलीकडेही तसंच काळं रान, तशीच ज्वारी. हल्ली लोक बंधाऱ्याचं पाणी बघायला येतात. माझी नजर मात्र जुना उतार शोधते, जिथं पात्र पसरायचं, पायाला वाळू लागायची आणि गाडीवाट सरळ पाण्यात शिरायची.

माझी अज्जी पलीकडची, विजापूर जिल्ह्यातल्या इंडी तालुक्यातली. तिला सासरी आणलं ते वैशाखात, बैलगाडीतून, नदीच्या पात्रातून. पावसाळ्यात माहेर तुटल्यासारखं व्हायचं, असं ती सांगायची. तेव्हा भरवसा एकच, नावाड्याचा. तो नाव सरळ समोर कधीच सोडत नसे. काठाकाठानं ती बरीच वर ओढून न्यायची आणि मग प्रवाहात सोडायची, म्हणजे वाहत वाहत ती बरोबर समोरच्या उतारावर लागे. नाव नसली तर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड, नाहीतर गूळ करायची काहील. काहिलीत बाळंतीण बसायची आणि दोघं जण पोहत ती ढकलायचे. या माणसांइतकी नदी कुणालाच कळली नव्हती, असं मला मनापासून वाटतं. सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं दक्षिणेत कातड्यानं मढवलेल्या टोपल्यांतून नदी ओलांडल्याचं लिहून ठेवलं आहे. आमच्या नावाड्यांचं तेवढंही कुणी लिहिलं नाही.

आज ही नदी दोन राज्यांची हद्द आहे. पण पूर्वी सोलापूर आणि विजापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यातच होते. खालच्या अंगाला अफझलपूरकडे निजामाचा मुलूख आणि अलीकडच्या काठाला अक्कलकोट संस्थान. 1948 मध्ये निजामाची आणि संस्थानाची, दोन्ही राजवटी संपल्या. 1 नोव्हेंबर 1956 ला विजापूर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले आणि अज्जीचं माहेर परराज्यात गेलं. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. गाणगापूरच्या दत्ताला आणि घत्तरगीच्या भाग्यवंतीला इकडची माणसं जातच राहिली. घरात कन्नड, शाळेत मराठी, हेही तसंच चालू राहिलं. वर, सीना आणि भीमेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आहे. या काठावर मराठी इतकी जुनी आहे आणि कन्नड तिच्या शेजारीच नांदत आली आहे.

1980 मध्ये उजनी धरण झालं, पुढं बंधारे आले, पूल आले. आता नदीचं पाणी धरणाच्या दारांवर चढतं-उतरतं. उतार बुडाले, नावाड्यांची मुलं उसाच्या तोडीला किंवा पुण्याला गेली. पूल हवेच होते, आजाऱ्याला रात्री दवाखान्यात नेता येतं. पण कुठल्या महिन्यात कुठल्या उतारावर किती पाणी असतं, हे तोंडपाठ असलेली म्हातारी माणसं अजून काठच्या गावांत आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा आणि उतारांची नावं वहीत उतरवून घ्या.