हिरव्या कपाटाची पाठ

आमच्याकडे एक ‘हिरवं कपाट’ आहे. नातेवाईकांना वेगळं सांगायला नकोच. खरं तर ते हिरवं राहून पुष्कळ वर्षं झाली, आता ते साईच्या रंगाचं आहे. पण घरात अजून कोणी म्हणालं, “हिरव्या कपाटात बघ”, की सगळे त्याच्याकडेच वळतात.

गेल्या दिवाळीआधी ते रंगवायला काढलं. बायकोचं मत होतं, सगळा रंग खरवडायचा आणि आतलं सागवान उघडं करून पॉलिश मारायचं. हल्ली तशीच पद्धत आहे. मलाही ते पटलं होतं. इतक्या चांगल्या लाकडावर ऑईलपेंट फासणाऱ्या आजोबांना मी लहानपणापासून मनातल्या मनात नावं ठेवत आलो आहे. म्हटलं, चला, त्यांची चूक सुधारू.

ही चूक झाली १९६१ साली. आजोबा तेव्हा नारायण पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर राहत होते. १२ जुलैच्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. ते मातीचं होतं आणि काम अजून पूर्ण झालेलं नव्हतं. पाण्याचा तो लोंढा खालच्या खडकवासल्याच्या दगडी धरणालाही पेलला नाही, तेही त्याच दिवशी फुटलं. मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. घरची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली म्हणून वाचली. कित्येक पुणेकरांचं घर असं राहिलंच नाही. त्यांतले बरेच पुढे गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत गेले.

आमचं कपाट भांड्यांनी आणि पुस्तकांनी गच्च भरलेलं होतं, म्हणून जागचं हललं नाही. सरसाने चिकटवलेल्या सामानाचे सांधे सुटले, कारण सरस पाण्यात विरघळतो. कपाट खुंट्यांनी जोडलेलं होतं, ते टिकलं. त्यावरचं लाखेचं पॉलिश मात्र पांढरं पडलं आणि गाळाचे डाग लाकडात मुरले. नवं कपाट घेणं शक्य नव्हतं. पुन्हा पॉलिश केलं असतं तर डाग तसेच दिसले असते. डाग झाकणारा आणि परवडणारा उपाय एकच होता, रंग.

आजोबांना घाई होती, आजी म्हणाली थांबा. ओल्या लाकडावर रंग दिला तर आतली ओल बाहेर यायला बघते आणि रंगाला फुगे धरतात. पावसाळाभर कपाट दारं उघडी टाकून सावलीत ठेवलं. मग काचकागद, गुलाबट अस्तराचा हात, भेगांत खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची लांबी, आणि वर हिरव्याचे दोन पातळ हात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात जास्त टिकतात. पुढे त्यावर आकाशी आला, मग राखाडी, मग साईचा. हिरवा खाली अजून घट्ट आहे.

खरवडायचा बेत मात्र रद्द करावा लागला. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली तीच मुळी नोव्हेंबर २०१७ पासून. कोरडं घासलं की तीच धूळ घरभर, आणि घरात दोन वर्षांची भाची! तेव्हा तिला आजोळी पाठवलं, मास्क लावला, सुटलेले पोपडे तेवढे पाणी मारून ओले काढले, बाकीचा रंग ओल्या कागदाने जरासा खरखरीत केला आणि त्यावर अस्तर देऊन नवा रंग दिला. जुना थर खाली बंद राहिला.

हे करताना कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. पाठीमागच्या फळ्यांना कधीच रंग लागलेला नव्हता. आणि त्यावर साधारण माझ्या छातीइतक्या उंचीवर एक आडवी तपकिरी रेघ होती. खाली लाकूड काळपट, वर स्वच्छ. पाणी तिथवर आलं होतं.

आजोबा पुराबद्दल कधी बोलले नाहीत. मला पूर ठाऊक होता तो पुस्तकातला. बाबांना विचारलं, पाठ का नाही रंगवली? ते म्हणाले, “भिंतीकडे कोण बघतंय? डबाभर रंग वाचला.” तसंही असेल. आजोबा काटकसरी होतेच.

आता टिकाऊपणाच्या दृष्टीने बघाल तर पाठही रंगवायला हवी. एक बाजू उघडी राहिली की पावसाळ्यात लाकूड त्या बाजूने ओल घेतं आणि फळी वाकते. रंगाच्या दुकानदारानेही हेच सांगितलं. मी ब्रश बुडवला होता, पण डब्याच्या कडेला निथळून ठेवून दिला. फळ्या आजवर वाकल्या नाहीत, अजून थोडी वर्षं दम काढतील.

रंग यावेळी हिरवाच दिला. नेमकी छटा जुळली की नाही ते आत्याच सांगू शकेल. आत्या, वाचलंस तर फोन कर.