मध्यस्थ कोण आणि जबाबदार कोण?

मंडळी, आज मनीषनगरात आपण ऑनलाइन डेटिंगवर बोलायला जमलो आहोत. इतिहासाच्या व्याख्यानात हा विषय कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. पण जोडीदार शोधायचा कसा आणि शोधून देणारा कोण, हा प्रश्न काही मोबाईलबरोबर आलेला नाही.

आपल्या विदर्भात सोयरीक जुळवणारा माणूस असायचा. कधी मामा, कधी आत्याचे यजमान, कधी गावातले गुरुजी. त्याला दोन्ही घरं माहीत असत. शेती किती, कर्ज किती, पोरगा पितो का, सगळं. पुढे काही बिनसलं की लोक त्याच्याच दारात जाऊन बसत. म्हणजे माहिती आणि जबाबदारी, दोन्ही एकाच माणसाकडे. पण हाच माणूस जातीचं कुंपणही राखायचा. मुलीचं मत त्याच्या हिशेबात नसे, आणि कित्येक जातींत विधवेसाठी तर त्याच्याकडे स्थळच नसे.

हे कुंपण एका दिवसात हललं नाही. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय लग्न लागलं. महात्मा फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू वराकडून स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते. लग्नात या दोघांचं बोलणं महत्त्वाचं, हा विचार तिथे स्पष्ट दिसतो. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्याच वर्षी त्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ काढली. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा त्याच्याकडे येऊ.

नंतर वर्तमानपत्रातल्या जाहिराती आल्या, वधू-वर सूचक मंडळं आली, परिचय मेळावे आणि त्यांच्या जाडजूड पुस्तिका आल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विवाहाची संकेतस्थळं सुरू झाली. साधन बदललं, पण अर्ज बरेचदा आईवडीलच भरत आणि जातीचा रकाना तसाच राहिला. खरा बदल डेटिंग ॲपने केला. २०१२ मध्ये अमेरिकेत टिंडर सुरू झालं आणि काही वर्षांत ही पद्धत आपल्याकडेही रुळली. तिसऱ्या कोणाला न विचारता दोन अनोळखी माणसं थेट बोलू लागली.

मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या भागात भंडारा, गोंदिया, चंद्रपूरहून नोकरीसाठी आलेली किती मुलं-मुली भाड्याने राहतात ते आपण पाहतोच. त्यांच्या शेजारी ना मामा, ना गुरुजी. त्यांनी ओळखी करायच्या कुठे? घटस्फोट झालेल्या बाईला मेळाव्याच्या मंचावर उभं राहणं जड जातं. इथे ती आपल्या अटींवर बोलू शकते. समलिंगी माणसांसाठी तर मध्यस्थ कधीच नव्हता. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत त्यांचं प्रेम कायद्याने गुन्हा होतं.

आता धोका पाहू. खोटा फोटो, खोटी नोकरी, लग्नाचं आमिष दाखवून पैसे उकळणं, खासगी फोटोंवरून धमकावणं. फसवणूक जुन्या सोयरिकीतही होतीच की! फरक एवढाच, की तेव्हा जाब विचारायला एक दार होतं. गंमत पाहा, आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा कंपन्यांना शब्दच ‘मध्यस्थ’ असा आहे. पण काही अटी पाळल्या, तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. नाव तेच, दार मात्र बंद!

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांना सूचना आल्या: वापरणाऱ्यांची ओळख तपासा आणि हे स्थळ डेटिंगसाठी नाही असं जाहीर करा. म्हणजे लग्नाला संरक्षण, ओळखीला नाही. २०२१ च्या नियमांनी मात्र कंपन्यांवर तक्रार अधिकारी नेमण्याचं बंधन घातलं. खासगी अवयवांचे फोटो किंवा तोतयेगिरीची तक्रार आली, की ठरावीक मुदतीत तो मजकूर हटवण्यासाठी पावलं उचलावी लागतात. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करता येतो. ही माहिती घराघरात हवी. पण पोरीला घरी सांगायचीच भीती वाटत असेल, तर ती फोन कधी करणार? धमकावणारा नेमका याच भीतीवर जगतो.

म्हणून पुन्हा कर्व्यांकडे येऊ. १८९५ मध्ये त्यांच्या संस्थेचं नाव बदललं आणि ती ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ झाली. लग्नाला उत्तेजन देण्याऐवजी, ज्यांना ते करायचं आहे त्यांच्या वाटेतले अडथळे दूर करायचे. आपलं कामही तेवढंच आहे. ॲप वापरा असं आम्ही सांगणार नाही, वापरू नका असंही नाही. कंपन्यांकडून ओळखीची पडताळणी मागू या. पहिली भेट चारचौघांत ठेवा आणि कुठे जातोय हे एका माणसाला सांगून जा, एवढं मुलांना शिकवू या. आणि ते सांगण्याजोगा माणूस आपल्या घरात असू द्या. जुन्या मध्यस्थाचं कुंपण गेलं तर जाऊ दे. त्याचं उघडं दार तेवढं आपण ठेवू या.