काळी, दुधाळ आणि बिनदुधाची : कॉफीच्या पेल्यातील जुना वाद

इ. स. १६५९. ऑक्सफर्डमध्ये एक चिमुकली पुस्तिका छापली गेली. एका अरब वैद्याच्या लेखनाचा तो इंग्रजी अनुवाद होता आणि अनुवादक होते तेथील अरबीचे प्राध्यापक एडवर्ड पोकॉक. विषय होता कॉफी नावाचे नवलाईचे पेय. कॉफीचे गुणदोष सांगून झाल्यावर वैद्यबुवा वाचकाला बजावतात, की काही लोक यात दूध घालून पितात, परंतु ती चूक होय. त्याने कुष्ठरोगाचे भय संभवते.

मासे खाऊन वर दूध प्यायल्यास अंगावर कोड उठते, ही ताकीद ज्यांनी आजीकडून ऐकली आहे त्यांना या वैद्यबुवांचा तर्क परका वाटणार नाही. विरुद्ध आहाराची कल्पना अरबस्तानातही होती आणि आपल्याकडेही. पण त्या एका ओळीत इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी काही दिसते. मनाई केली गेली, म्हणजे कोणीतरी दूध घालून पीत होतेच!

आज कॅफेच्या फळ्यावर ‘ओट मिल्क लाटे’ वाचून ‘ही कसली कॉफी, खरी कॉफी गाईम्हशीच्या दुधाचीच’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आजचा थ्रेड त्या ‘खरी’ या शब्दाविषयी आहे.

कॉफीच्या जन्मकाळी दुधाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून ती पीत. तेथे बियांइतकीच टरफलेही उपयोगाची. वाळलेली टरफले आल्यासह उकळून केलेले ‘किश्र’ येमेनमध्ये आजही पितात. १५११ मध्ये मक्केतील अधिकारी खैर बेग याने धर्मशास्त्री जमवून कॉफीवर बंदी घातली, पण कैरोहून ती लवकरच उठवली गेली. त्या वादात दुधाचा प्रश्नच नव्हता. मुळात हे काळे पाणी धर्माला चालते की नाही, हाच प्रश्न होता.

आपल्या देशातही कॉफी आली ती काळीच. सर टॉमस रो याच्यासोबत जहांगीरच्या काळात आलेला पाद्री एडवर्ड टेरी लिहितो, की येथील धर्मनिष्ठ लोक मद्याला शिवत नाहीत. त्याऐवजी काळ्या बिया पाण्यात उकळून केलेले पेय पितात. बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर रुजवल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. टेरीची नोंद मात्र फारशी कोणी सांगत नाही.

मग दूध आले कोठून? औषधाच्या वाटेने.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉफी शरीर सुकवते की काय, अशी धास्ती फ्रान्समधील वैद्यांत पसरली होती. १६८५ च्या सुमारास ग्रनोब्ल येथील मोनँ नावाच्या वैद्याने दूध घातलेली कॉफी रोग्यांना देण्यास आरंभ केला आणि तिची प्रसिद्धी केली. पाच वर्षांनी मादाम द सेव्हिन्ये आपल्या पत्रात चांगले दूध, साखर आणि कॉफी यांच्या मिश्रणाविषयी आवडीने लिहिताना दिसतात. औषधाचा काढा उमरावांच्या न्याहारीत पोहोचला होता. अरब वैद्याने ज्या मिश्रणाला रोगाचे कारण म्हटले, तेच फ्रेंच वैद्याने उपचार म्हणून दिले, आणि दोघांच्या मागे शास्त्राची पूर्ण परंपरा उभी होती.

आता व्हिएन्नाला जाऊ. तेथील कॉफीची एक गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. १६८३ चा तुर्की वेढा उठला, पळत्या सैन्याची पोती मागे राहिली, कोल्शित्स्की नावाच्या हेराने ती मागून घेतली आणि शहरातले पहिले कॉफीगृह उघडले. गोष्ट सुरेख आहे, पण ती लिहिली गेली सुमारे शंभर वर्षांनंतर. कागदोपत्री पुरावा वेगळे सांगतो. जानेवारी १६८५ मध्ये कॉफी विकण्याचा परवाना मिळाला तो योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला. वेढ्याच्या वीरकथेपुढे परवान्याचा कागद रुक्ष वाटतो खरा. पण थ्रेड पुढे पाठवताना कृपया दिओदातोला विसरू नका.

याच शहरात कॉफीला रंगावरून नावे पडली. मलई घातल्यावर जो तपकिरी रंग येतो तो कॅपुचिन संन्याशांच्या झग्यासारखा, म्हणून ‘कापुझिनर’. फ्रान्सिस्कन पंथाची ही शाखा सोळाव्या शतकात निघाली आणि डोक्यावरच्या टोकदार टोपडीवरून तिला हे नाव मिळाले. इटालियनमध्ये ‘कापुच्चो’ म्हणजे झग्याला जोडलेली टोपडी. आपल्या तान्ह्या बाळाच्या कुंचीची सख्खी बहीणच म्हणा. उत्तर इटलीचा मोठा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. ‘कापुझिनर’ तिकडे जाऊन ‘कापुच्चिनो’ झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

येथे थोडे विषयांतर, पण मराठी वाचकासाठी ते टाळवत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा तेथील कॅपुचिन मठाचे प्रमुख फादर अँब्रोज यांच्या निवासाला धक्का लावू नये अशी आज्ञा त्यांनी दिल्याचे फ्रेंच प्रवासी बर्निए नोंदवतो. ज्या संन्याशांच्या झग्याचा रंग पुढे कॉफीला चिकटला, त्याच पंथाचे हे फादर. कॅफेत कापुच्चिनो मागवताना मला हटकून सुरत आठवते.

परंतु व्हिएन्नाचा कापुझिनर आणि आजचा फेसाळ कापुच्चिनो यांत नावापलीकडे साम्य थोडेच. मध्ये यंत्र आले. १८८४ मध्ये तुरीनच्या अँजेलो मोरिओंदो याने वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरा याने एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक पेला काढणारे यंत्र रचले आणि देसिदेरिओ पावोनी याने ते बाजारात आणले. ‘एस्प्रेसो’ या शब्दात त्वरेचाही अर्थ आहे आणि खास मागणी करणाऱ्यासाठी बनवण्याचाही. मात्र वाफेचा दाब अपुरा असे आणि अतिउष्णतेने कॉफी करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जा याने लांब दांडा आणि स्प्रिंग लावून दाब वातावरणाच्या दाबाच्या आठ-नऊ पटींवर नेला. त्या दाबामुळे कॉफीतील तेल आणि वायू यांचा सोनेरी थर पेल्यावर तरंगू लागला. त्याचे नाव ‘क्रेमा’, म्हणजे साय. दुधाचा थेंबही न पडलेल्या कॉफीला साय आली!

फळ्यावरची बाकीची नावे या एका घोटभर अर्कातून फुटलेल्या फांद्या आहेत. अर्काला दुधाचा नुसता डाग लावला की ‘माक्यातो’; त्या शब्दाचा अर्थच डागाळलेले. दाट फेस चढवला की कापुच्चिनो, दूध भरपूर आणि फेस पातळ ठेवला की ‘लाटे’, गरम पाणी ओतले की ‘अमेरिकानो’. इटलीत जाऊन नुसते ‘लाटे’ मागाल तर दुधाचा पेला पुढे येईल, कारण ‘लात्ते’ म्हणजे दूधच. ‘फ्लॅट व्हाइट’ आपलीच, असे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघेही म्हणतात. त्या भांडणात आपण न पडलेले बरे.

एवढ्या वैभवाच्या बाजूला टंचाईची एक वेगळी वंशावळ चालत आली आहे, आणि मला तीच अधिक बोलकी वाटते. परदेशी कॉफीपायी पैसा बाहेर जातो म्हणून प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७८१ मध्ये बिया भाजण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि अपंग झालेल्या सैनिकांना गल्लोगल्ली वास घेत हिंडायला लावले. चोरून भाजलेल्या कॉफीचा सुगंध पकडणे, हे त्यांचे सरकारी काम! लोक चिकोरीच्या भाजलेल्या मुळांकडे वळले. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटिश मालाची नाकेबंदी केल्यावर फ्रान्सलाही चिकोरीची सवय जडली. नाइलाजाची ती चव पुढे आवडीची झाली. आज आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत चिकोरी नसेल तर कित्येकांना चुकल्याचुकल्यासारखे होते. कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी, असा नियमच भारतात करावा लागला आहे.

दुधाच्या टंचाईनेही असेच केले. ताजे दूध दुर्मिळ असलेल्या व्हिएतनाममध्ये फ्रेंचांबरोबर आलेली कॉफी डब्यातील घट्ट, गोड दुधाशी जोडली गेली. तेही मिळेनासे झाले तेव्हा, १९४६ मध्ये, हनोईतील एका मोठ्या हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान झांग यांनी अंड्याचा बलक साखरेसह फेटून कॉफीवर घातला. दूध परत आले, तरी अंडा कॉफी हनोईत टिकून आहे.

आता वनस्पतीच्या दुधाकडे वळू. त्याचा युरोपातील इतिहास कॉफीपेक्षाही जुना आहे. मध्ययुगात ख्रिस्ती उपवासाच्या दिवशी मांसाबरोबर दूध, लोणी, अंडी हीही वर्ज्य असत, आणि असे दिवस वर्षात शंभराहून अधिक भरत. मग श्रीमंतांचे आचारी बदाम वाटून, पाण्यात कालवून, गाळून दूध काढत. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील, सुमारे १३९० च्या पाककृतिसंग्रहात बदामाचे दूध जागोजागी भेटते. साबुदाण्याच्या खिचडीने एकादशी साजरी करणाऱ्या आपल्या समाजाला ही युक्ती समजावून सांगायला नको. ज्यांना लोणी सोडवत नसे ते पैसे भरून चर्चकडून सूट मिळवत. रुआँ येथील कॅथेड्रलच्या एका मनोऱ्याला अशा पैशांवरूनच ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात.

पुढे धर्मसुधारणेच्या लाटेत आणि नंतरही हे निर्बंध ढिले होत गेले व बदामाचे दूध मागे पडले. सतराव्या शतकात कॉफी आली तेव्हा गाईच्या दुधाची वाट मोकळी होती. दोघांची भेट अशी थोडक्यात हुकली. कॉफीचे मूळ घर असलेल्या इथिओपियात मात्र उपवास अजून कडक आहे. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि अनेक दीर्घ उपवासांत प्राणिज पदार्थ वर्ज्य करतात. १९३६ नंतरच्या इटालियन अमलाने अदिस अबाबाला माक्यातोची गोडी लावली खरी, पण उपवासाच्या दिवशी व्रतस्थाच्या पेल्यात गाईचे दूध पडत नाही.

सोयाबीनचे दूध चीनमध्ये फार पूर्वीपासून आहे. ते युरोपात कारखान्यातून काढण्याचा उद्योग केला ली युयिंग या चिनी क्रांतिकारकाने. १९१० च्या आसपास त्याने पॅरिसजवळ सोयाबीनचा कारखाना चालवला आणि सोयादुधाचे पेटंटही घेतले. कॉफीशी मात्र या दुधाचे सहज जुळत नाही. कॉफी किंचित आम्ल असते. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सोयाची प्रथिने गोळा होतात आणि पेल्यात चक्क दूध नासते. बदामाच्या पातळ दुधात प्रथिने इतकी थोडी, की हवेला धरून ठेवणारा फेसच तयार होत नाही.

ही कोंडी फोडणारे संशोधन स्वीडनमध्ये, लुंड विद्यापीठात झाले. तेथील रिकार्ड ओस्टे दुधातील साखर न पचणाऱ्यांसाठी पर्याय शोधत होते. १९९० च्या दशकारंभी त्यांनी ओटच्या पिठातील स्टार्चचे विकरांच्या साहाय्याने विघटन केले. परिणामी खळ न होता पातळ आणि निसर्गतः गोडसर द्रव मिळाला. पुढे कॉफीसाठीच्या खास ओटदुधात तेल घालून स्निग्धता आणि क्षार घालून आम्लतेचा तोल साधला गेला. जगातील बहुसंख्य प्रौढांना ती दुग्धशर्करा नीट पचत नाही, हे लक्षात घेतले तर त्या प्रयोगशाळेतला प्रश्न किती जणांचा होता ते कळते. मोनँने रोग्यासाठी कॉफीत दूध घातले. तीनशे वर्षांनी ओस्टे यांना ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी पर्याय शोधावा लागला.

आता भांडण नावावर आले आहे. जून २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थ ‘दूध’ या नावाने विकता येणार नाही. अपवाद ठेवले ते परंपरेने रूढ असलेल्या नावांचे. म्हणून फ्रेंचमध्ये बदामाचे दूध आणि नारळाचे दूध चालते, सोयाचे चालत नाही. भारतातही २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘दूध’ म्हणवणारी वनस्पतिजन्य उत्पादने ऑनलाइन दुकानांतून हटवण्यास सांगितले.

मराठी भाषेने हा खटला कधी चालवलाच नाही. सोलकढीत आपण नारळाचे दूध घालतो आणि त्यावरून गोठ्यातल्या गाईशी कोणाची गल्लत होत नाही. ‘बदामाचे दूध’ मागितले तर मात्र आपल्याकडे बदाम घालून आटवलेले गाईम्हशीचेच दूध येते! दुकानातल्या खोक्यावर आता ‘ओट ड्रिंक’ असे छापलेले असते, आणि तेच खोके उघडून कॉफी करणाऱ्या मुलीच्या मागे, फळ्यावर, खडूने ‘ओट मिल्क’ लिहिलेले असते.