डुकराच्या कातडीचा बेडूक

विस्कॉन्सिनमधल्या फोर्ट ॲटकिन्सन गावाची ओळख डुकराच्या मांसाशी जोडलेली आहे. जोन्स डेअरी फार्मची सॉसेजेस तिथलीच. 1920 साली ॲलन जोन्स आणि अर्बन श्रायनर हे दोघे तिथल्या गिरणीच्या तळ्यावर मासे गरवत होते. आमिषाला जिवंत बेडूक आणले होते, ते संपले. तेव्हा त्यांनी डुकराच्या चरबीचा एक तुकडा बेडकाच्या आकारात कापला आणि गळाला लावला. त्यालाही मासे लागले. दोन वर्षांत ‘अंकल जॉश’ ही कंपनी उभी राहिली.

डुकराची कातडी गळाला लावायची रीत अमेरिकेत आधीपासून होतीच. ओहायोतला ॲल फॉस तिच्या पट्ट्या बाटलीत भरून विकायचा. जोन्स-श्रायनर जोडीने त्या कातडीला पाय दिले, आणि माझ्या मते सगळी करामत त्या पायांतच होती. काचेच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात हे तुकडे बुडवलेले असत. वरच्या बाजूला चरबीचा जाडसर थर, खाली कातडी. मागची कातडी मधोमध चिरून केलेले दोन पाय, आणि पुढे गळ घालायला आधीच पाडलेलं भोक. पाण्यात नुसतं हलवलं तरी ते पाय आपसूक फडफडत.

बेडूक हे माशांचं उन्हाळ्यातलं खाणं. थंडीत तो तळाशी निपचित पडून असतो. तरीही कातडीच्या या बेडकाचं खरं नाव झालं ते हिवाळ्यात, विस्कॉन्सिनपासून खूप दक्षिणेला. मिसुरी-आर्कान्साच्या ओझार्क डोंगराळ भागात धरणं झाली, 1951 च्या सुमारास बुल शोल्स, 1958 मध्ये टेबल रॉक, आणि खोल, नितळ पाण्याचे मोठे जलाशय तयार झाले. तिथे हिवाळ्यात पाणी 10 अंश सेल्सियसच्या खाली उतरतं. तिथला बास हा थंड रक्ताचा मासा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते. भक्ष्यामागे धावण्यात शक्ती घालवणं त्याला परवडत नाही. तोंडाशी आलेला, सावकाश सरकणारा घास मात्र तो सोडत नाही.

म्हणून तिथल्या लोकांनी शिशाच्या डोक्याच्या, केसांचा किंवा रबराचा झुबका बांधलेल्या जिगमागे हा तुकडा अडकवला. या जोडीला ते ‘जिग अँड पिग’ म्हणतात. झुबका आणि दोन पाय मिळून तळावरच्या खेकडेवजा क्रेफिशचा भास होतो. चरबी हलकी, त्यामुळे जिग धपकन न बुडता तरंगत खाली जातो. तळाला टेकल्यावर तो जवळजवळ हलवायचाच नाही. दोरी ताणून धरायची आणि वाट पाहायची. तेवढ्या वेळातही पाय हलत राहतात. प्लॅस्टिकचं आमिष याच जागी कमी पडायचं, कारण गार पाण्यात ते ताठरतं. कातडी मऊच राहते. ‘पाणी पन्नास फॅरनहाइटच्या खाली, की बरणी उघडा’ हा तिकडचा ठोकताळा त्यामुळेच पडला.

त्रास मात्र होता. गळाला लावलेला तुकडा उन्हावाऱ्यात राहिला की वाळून चपलेच्या तळासारखा कडक होई, मग गळावरून निघता निघत नसे. बोटी भरधाव एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे न्यायच्या दिवसांत ओलं फडकं गुंडाळत बसायचा कंटाळा कोणालाही येईल. उन्हाळ्यात तर प्लॅस्टिकने कातडीला केव्हाच हुसकावलं. हिवाळ्यात ती तग धरून राहिली.

तिचा शेवट झाला तो डुकरांच्या गोठ्यात. पूर्वी अमेरिकेत डुकरं मांसाइतकीच चरबीसाठी पाळत. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वयंपाकघरात वनस्पती तेल आलं, डुकराच्या चरबीचा भाव गेला आणि सडसडीत, मांसल जाती आल्या. आज डुक्कर साधारण सहा महिन्यांत कत्तलखान्यात जातं. एवढ्या कोवळ्या जनावराची कातडी पातळ. तिच्यातून जाड, टिकाऊ तुकडा निघेना. मनाजोगती कातडी मिळत नाही म्हणून 2015 च्या अखेरीला ‘अंकल जॉश’ने कातडीचं आमिष बंद केलं. दुकानांत उरलेल्या बरण्या लोकांनी साठवून ठेवल्या.

त्या जागी आता काही जण थंडीतही न ताठरणारं, पाण्यात तरंगणारं नव्या जातीचं मऊ आमिष जिगमागे लावतात. ते नेहमीच्या प्लॅस्टिकसोबत एका डब्यात ठेवलं तर दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात, म्हणून त्याची थैली वेगळी बाळगावी लागते.