मोटारीच्या रंगलेपाची झिलई

मोटारीच्या रंगलेपाची झिलई : मोटारगाडीच्या बाह्य पृष्ठावरील निस्तेज झालेल्या रंगलेपास घासून व मेण लावून पुन्हा चकाकी आणण्याची क्रिया. ही क्रिया घरोघरी केली जात असली, तरी तिचा इतिहास रंगलेपांच्या रसायनशास्त्राशी निगडित आहे. जी पद्धत एका काळच्या रंगलेपास आवश्यक होती, तीच पुढील काळच्या रंगलेपास अपायकारक ठरली, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

निस्तेजतेची कारणे : गुळगुळीत पृष्ठावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो, म्हणून ते चकाकते. बारीक ओरखड्यांनी पृष्ठ खडबडीत झाले, की प्रकाश विखुरतो व रंग फिका भासतो. शिवाय सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या रेझिनाचे विघटन होते आणि पृष्ठावर खडूसारखी भुकटी सुटते. नागपूर–भंडारा महामार्गावरील शहापूर (जि. भंडारा) सारख्या गावी ही दोन्ही कारणे एकत्र येतात. या भागात उन्हाळ्यातील तापमान ४५° से.च्या आसपास जाते. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कठीण कण असतात व धानाच्या या प्रदेशात भाताच्या तुसाची राखही हवेतून गाडीवर बसते. या राखेत सिलिकेचे प्रमाण फार मोठे असते. अशी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे रंग पॉलिश-कागदाने घासण्यासारखेच होय.

ऐतिहासिक आढावा : आरंभीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच तैलरंग व व्हार्निश यांचे अनेक थर देऊन रंगवीत. ते वाळण्यास कित्येक आठवडे लागत. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजापासून जलद वाळणारे रोगण तयार करण्यात आले. ‘ड्यूको’ या नावाने ते १९२३–२४ च्या सुमारास मोटारींसाठी वापरात आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. नायट्रोसेल्युलोज हा धूमहीन दारूचाही मुख्य घटक आहे. शहापूरनजीक जवाहरनगर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत अशी नोदक द्रव्ये तयार होतात. अशा रीतीने युद्धसाहित्य व मोटारीचा रंग यांचे मूळ एकाच रसायनात आहे.

हे रोगण फवारल्यानंतर पुरेसे चकाकत नसे. ते घासूनच चकचकीत करावे लागे. उन्हाने ते लवकर फिके पडे, परंतु रंगद्रव्य थराच्या संपूर्ण जाडीत पसरलेले असल्याने वरचा मृत भाग घासून काढताच खालचा ताजा रंग उघडा पडे. घासण्याची घरगुती पद्धत येथूनच रूढ झाली. भारतात १९८० पूर्वी नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. त्यामुळे कुर्ला (मुंबई) येथे तयार होणारी फियाट अथवा पद्मिनी ही कुटुंबात दीर्घकाळ टिकवावी लागे आणि तिचा रंग घासून उजळणे हा देखभालीचाच भाग असे. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडारा परिसरात या सवयीस आणखी एक आधार होता. चिंच व राख लावून भांडे घासावे आणि ते लखलखावे, हा तेथील नित्याचा अनुभव. मात्र भांड्याचे पितळ जाड असते, तर रंगलेपाची जाडी केसाच्या जाडीशीच तुलना करण्याजोगी असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियमाचे सूक्ष्म कण असलेले धातुझाक रंग लोकप्रिय झाले. त्या कणांच्या रक्षणासाठी रंगाच्या थरावर रंगहीन, पारदर्शक लेप देण्याची पद्धत आली व ती क्रमाने साध्या रंगांनाही लागू झाली. आता चकाकी या वरच्या लेपाची असते. त्याची जाडी सर्वसाधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन असते. प्रत्येक घासणीत तिचा काही अंश कायमचा जातो. लेप पार झिजला, की पांढुरके पापुद्रे सुटतात. त्यानंतर घरी कोणताही उपाय चालत नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

घरगुती प्रक्रिया : रंगलेप कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम पाहावे. झिलईचे थोडे मलम लावून पांढऱ्या फडक्याने आडबाजूचा लहानसा भाग घासला असता फडक्यास रंग लागला, तर वर पारदर्शक लेप नाही असे समजावे. त्यानंतर गाडी सावलीत थंड होऊ देऊन भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी व मऊ कापडाने टिपून घ्यावी. घासण्यासाठी प्रथम सर्वांत बारीक अपघर्षकाचे मलम घ्यावे आणि लहान भागावर हलक्या हाताने परिणाम पाहूनच पुढे जावे. कडा व उठावाच्या रेषांवर लेप पातळ असल्याने तेथे विशेष जपावे. दंतमंजन वा राख वापरू नये, कारण त्यांतील अपघर्षक कणांचा आकार व कठिनता या कामासाठी ठरविलेली नसते. रॉकेलाने पुसल्यास गाडी काही काळ चमकते. परंतु ती चमक तेलकट थराची असून तीवर धूळच अधिक चिकटते आणि पूर्वी लावलेले मेणही विरघळून जाते.

शेवटी मेणाचा पातळ थर देतात. ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण यासाठी प्रसिद्ध आहे. ते सु. ८२° ते ८६° से. तापमानास वितळते, तर मधमाश्यांचे मेण सु. ६२° ते ६४° से. तापमानासच वितळते. उन्हात तापणाऱ्या पत्र्यावर हा फरक महत्त्वाचा ठरतो. मेणाने झिजलेला लेप भरून निघत नाही; पाणी व मळ यांपासून त्याचे काही काळ रक्षण मात्र होते. म्हणून नियमित धुणे, सावलीत ठेवणे व मेण लावणे हे नित्याचे उपाय होत. घासणे हा क्वचितच योजावयाचा उपाय होय.