शिर सलामत

‘शिर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा वापरलेली असते. धंद्यात बुडालेल्या मित्राला आपण ती ऐकवतो, परीक्षेत नापास झालेल्या पोराच्या बापालाही ऐकवतो. म्हण रचणाराच्या मनात हिशेब सरळ होता: डोके मोलाचे, पगडी ही नुसती शोभा, डोके राहिले तर पगड्या पन्नास मिळतील. परंतु डोके सलामत ठेवणारीच एखादी पगडी पुढे निघेल, आणि ती घालावी की न घालावी यावरून लोक मोर्चे काढतील, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल. हेल्मेटचा वाद हा त्या म्हणीला काळाने जोडलेला उत्तरार्ध आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तो थोडा चाखून पाहायला हरकत नाही.

पहिली गोष्ट ही की, डोके झाकणे आपल्याला नवीन नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणे अशुभ समजत. पगडी, रुमाल, पटका, मुंडासे, फेटा, टोपी – डोक्यावर काय आहे ते पाहून माणसाचे गाव, जात आणि धंदा लोक दुरून ओळखीत. भाषेतही हे सारे उतरले. कोणी फसवले की त्याने ‘टोपी घातली’ म्हणायचे, आणि संतापाने भान सुटलेल्याने ‘डोक्यात राख घातली’ म्हणायचे. आणि आम्हा सोलापूरकरांना तर टोपीची किंमत कोणी शिकवायला नको. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने या गावात मार्शल लॉ पुकारला, तेव्हा गांधी टोपी डोक्यावर दिसली की शिपाई ती उतरवायला लावीत, हे सांगणारी म्हातारी माणसे आमच्या लहानपणी घरोघर होती. त्याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. आपल्या डोक्यावर काय असावे हे सरकारने ठरवू नये, ही भावना इकडे इतकी जुनी आणि इतकी महाग पडलेली आहे. तेव्हा हेल्मेटला विरोध करणाऱ्याला नुसता अडाणी म्हणून मोकळे होणे बरोबर नाही.

पुढे मौज अशी झाली की, स्वराज्य आले आणि डोकी हळूहळू बोडकी झाली. पगडी लग्नापुरती उरली, टोपी खेड्यातल्या वडीलधाऱ्यांपुरती. आणि नेमक्या याच सुमारास स्कूटर आली. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. १९७२ मध्ये नगरच्या कायनेटिक कारखान्याची लूना निघाली आणि सायकलवरचा कारकून, मास्तर, दूधवाला इंजिनावर बसला. म्हणजे पाच मैलांच्या वेगाने जाताना आपण डोके झाकीत होतो आणि चाळीस मैलांच्या वेगाने जाऊ लागलो तेव्हा ते उघडे टाकले!

हेल्मेटचा जन्म मात्र शर्यतीच्या मैदानातला. इंग्लंडात ब्रुकलंड्स येथे मोटारींच्या शर्यती होत. तेथील डॉक्टर एरिक गार्डनर यांनी डोकी फुटलेले स्वार पाहून पाहून कंटाळून कॅनव्हास आणि लाख यांचा एक टोप करवून घेतला. १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत तो सक्तीचा झाला. पण शर्यतीत घालायची वस्तू रस्त्यावर कोण घालणार? ती रस्त्यावर यायला एका प्रसिद्ध माणसाचे मरण कारण झाले.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हे नाव वाचकांनी ऐकलेले असेल. हा गृहस्थ १९२७ मध्ये विमानदलातला साधा शिपाई म्हणून कराचीस राहून गेला होता. वेगवान मोटरसायकलचे त्याला वेड होते. १३ मे १९३५ रोजी सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना त्याची गाडी उलटली. डोक्याला मार लागला, शुद्ध आली नाही आणि सहाव्या दिवशी तो गेला. त्याच्या उशाशी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. जन्माने ते ऑस्ट्रेलियन. पुष्कळ डॉक्टर अशा वेळी हळहळतात आणि पुढच्या रोग्याकडे वळतात. केर्न्स हळहळले असतील, पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ते मोजायला बसले.

युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी पाहिले की, युद्धापूर्वीच्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटरसायकलवरची १८८४ माणसे दगावली होती आणि युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत २२७९. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर रस्त्यावर! काळोखात, दिवे न लावता निरोप पोचवणारे लष्करी स्वार त्यांत होते. बहुतेकांचा घात डोक्याच्या जखमेने झाला होता. टोप घातलेले जखमी केर्न्सना मिळाले अवघे सात, आणि त्या सातांपैकी एकही मेला नव्हता. सात ही संख्या फार लहान आहे, हे त्यांनाही कळत होते. तरी त्यांनी १९४१ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना टोप सक्तीचा केला, आणि केर्न्स पुढे १९४६ पर्यंत मोजीतच राहिले. मृत्यूंचा आकडा उतरणीला लागलेला त्यांनी कागदावर मांडून दाखवला.

हा टोप करतो तरी काय? माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे डाळिंबावरून सांगतो. आमच्या सांगोल्याचे डाळिंब परगावी जाते तेव्हा खोके नुसते कठीण असून भागत नाही. आत कागदाच्या कातरणाचा थर लागतो. खोके धक्का पसरवते, आणि कातरण स्वतः दबून फळाला हळू थांबवते. डोक्याचेही तसेच. कवटी फुटली नाही तरी आतला मेंदू कवटीवर आपटून माणूस जातो. म्हणून १९४७ मध्ये अमेरिकेत लोम्बार्ड यांनी टोपात चेचली जाणारी मऊ गादी बसवण्याची कल्पना मांडली, आणि १९५३ मध्ये तिचे पेटंट निघाले. आजचे प्रत्येक चांगले हेल्मेट याच तत्त्वावर चालते. गादी एकदा चेचली की तिचे काम संपले, म्हणून आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आणि हनुवटीखालचा पट्टा लावला नसेल तर हेल्मेट पडणाऱ्याच्या आधीच रस्त्यावर पोचते.

मग कायदे आले. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने हेल्मेट सक्तीचे केले. असा कायदा जगात पहिला. ब्रिटनमध्ये तो १९७३ मध्ये झाला, आणि १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना तेथे सूट मिळाली. अमेरिकेची कथा आपल्यासाठी सर्वांत बोधप्रद आहे. तेथे १९६६ मध्ये मध्यवर्ती सरकारने राज्यांना बजावले की, हेल्मेटचा कायदा करा, नाहीतर रस्त्यांचे पैसे कापू. बहुतेक सर्व राज्यांनी मुकाट्याने कायदा केला. स्वारांच्या संघटना खवळल्या. ‘आमचे डोके, आमचा अधिकार’ म्हणू लागल्या. १९७६ मध्ये ती अट उठली, आणि पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास राज्यांनी कायदे रद्द किंवा ढिले केले. हेल्मेटे उतरली, मृत्यू वाढले. कायद्यामुळे पडलेली सवय कायदा जाताच गेली, कारण ती लोकांच्या मनात उतरलीच नव्हती.

आता आपल्याकडे पाहू. सोलापूर हे पुणे-हैदराबाद महामार्गावरचे गाव. योगायोग असा की, या वादाची दोन टोके याच रस्त्याच्या दोन टोकांना बांधलेली आहेत. १९७७ मध्ये १९३९ च्या मोटार कायद्यात हेल्मेटचे कलम घालण्यात आले. आंध्र प्रदेश राज्याने केलेल्या हेल्मेटच्या नियमाला एकाने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. देशात मुक्तपणे हिंडण्याच्या माझ्या हक्कावर ही गदा आहे, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने १९८८ मध्ये निकाल दिला की, हा नियम हिंडण्याच्या आड येत नाही. तो हिंडणाऱ्याचा जीव जपतो. त्याच वर्षी नवा मोटार वाहन कायदा झाला आणि त्याच्या १२९ व्या कलमात चालवणारा व मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सांगितले गेले.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पुणे! तेथे १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटची कारवाई जोरात सुरू केली आणि दोनच दिवसांनी पुणेकर डोक्यावर पगड्या चढवून मोर्चाने निघाले. त्या पगड्या पाहून कोणाला हसू आले असेल. मला त्यात इतिहास दिसला. विरोधकांचे मुद्देही अगदीच पोकळ नव्हते. आधी रस्ते नीट करा; शहरात वेग असतोच किती; उन्हात डोके शिजते; मागचा भोंगा ऐकू येत नाही; आणि चौकात अडवून पावती फाडणे हा सुरक्षेचा मार्ग आहे काय? सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढतो. ‘डोके शिजते’ म्हणजे काय ते मला दुसऱ्याने सांगायला नको. रस्त्यांबद्दल तर आम्ही बोललेलेच बरे! कोणीतरी आपल्याला ‘टोपी घालतो आहे’ हा संशयही निराधार नव्हता, कारण रस्त्याच्या कडेला पातळ प्लास्टिकची नकली हेल्मेटे राजरोस विकली जात. खऱ्या प्रमाणित हेल्मेटशिवाय दुसरे विकू नये, असा सरकारी हुकूम लागू झाला तो १ जून २०२१ पासून. म्हणजे घालणाऱ्याला दंड कित्येक वर्षे आधी, आणि विकणाऱ्याला बंधन नंतर.

पण या मुद्द्यांतला एक मुद्दा मी गणिताच्या फळ्यावर तपासून पाहिला आहे: शहरात वेग असतोच किती? गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असते. गाडी जागच्या जागी उभी असताना तो नुसता आडवा पडला, तरी जमिनीला टेकताना डोक्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या घरात जातो. खाली डांबर किंवा फरशी. म्हणजे मारायला वेग लागतच नाही, उंची पुरते.

हे गणित मला एका विद्यार्थ्याने समजावले, असे म्हटले तरी चालेल. नववीत माझ्या वर्गात होता. पुढे कामाला लागला, हप्त्यावर मोटरसायकल घेतली, चांगले हेल्मेटही घेतले. लांब जायचे झाले तर घालायचा. एका रात्री पाळी संपवून घरी येताना खडीवरून चाक घसरले. घर दीड किलोमीटरवर होते. अंगावर दुसरी जखम म्हणाल तर कोपर खरचटले होते. हेल्मेट घरी खुंटीला होते. “जवळच तर जायचंय,” हे त्याचे नेहमीचे वाक्य त्याच्या आईने मला दोनदा सांगितले. नियम चूक, रस्ता वाईट, पोलीस लाचखाऊ, ऊन कडक – यांतला कोणताही मुद्दा त्या माउलीपुढे मांडायला माझी जीभ उचलली नसती. कारण ‘माझे डोके, माझा अधिकार’ म्हणणारा निघून जातो, आणि उरलेल्या हप्त्यांसकट अधिकार सांभाळायला घर मागे राहते.

सरकारी आकडा सांगतो की, २०२२ या एका वर्षात आपल्या देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार दगावले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. आपल्याकडे मागे बहुधा कोण बसते, हे वाचकांना सांगायला नको. जगभरच्या अभ्यासांचा मेळ घालून निघालेला निष्कर्ष असा की, हेल्मेटने मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. केर्न्सच्या सातांचे पुढे असे हजारो झाले. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला, तीन महिने परवाना स्थगित करण्याची तरतूद आली. तरीही आमच्या सात रस्त्यावर रोज दिसते ते हेच: हेल्मेट कोपरात लटकलेले, लांबून पोलीस दिसला की डोक्यावर, चौक ओलांडला की पुन्हा कोपरात. कोपराचा असा सांभाळ जगात दुसरीकडे होत नसेल!

इतिहासावरून मला दिसते ते एवढेच. दंडाने हेल्मेट डोक्यापर्यंत पोचते, पण डोक्यावर राहते ते रिवाजाने. म्हणून कायदा हवा आणि त्याचा अंमल सरळ, रोजचा हवा; पण रिवाज पाडायचे काम पोलिसाचे नव्हे, घराचे आहे. आणि तो रिवाज आपल्याला परका नाही. बाळ जन्मले की आजी त्याची टाळू तेलाने भरते. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई मोठ्या झालेल्या मुलाच्याही डोक्यावर तेल घालते. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला, आणि बोडक्या डोक्याला ओवाळायचे नसते म्हणून टोपी शोधली जाते. ती नाही मिळाली तर खिशातला हातरुमाल घडी करून डोक्यावर ठेवतात. निरांजनाच्या ज्योतीपुढे ज्या डोक्याचा आपण इतका मान राखतो, तेच डोके घटकाभराने उघडे घेऊन भाऊ गाडीला किक मारतो आणि बहीण दारातून हात हलवते.

या भाऊबीजेला बहिणींनी ओवाळणीच्या ताटाशेजारी आणखी एक वस्तू ठेवावी. भाऊ निघताना ती त्याच्या डोक्यावर घालावी आणि हनुवटीखालचा पट्टा आपल्या हाताने लावावा. ओवाळणी काय घालायची ते भावाने नंतर ठरवावे. आधी सुखरूप घरी पोचल्याचा फोन करावा.